ज्ञानोबाकाकांचं कुलूप

भुताखेतांच्या गोष्टींना मी रिकामटेकड्यांचा धंदा म्हणायचो. या ग्रुपवरचे अनुभव वाचून हसलोयही... आज माझाच लिहितोय, तेव्हा खुशाल हसा.

राहतो मारुंजीला, नोकरी चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत. तिथे नवा लिनक्स वेब सर्व्हर, म्हणजे कंपनीची वेब पानं चालवणारा संगणक, मी उभा केला. पद्धत अशी — सर्व्हरवर काय काय हवं ते एकाच फाइलमध्ये लिहायचं, कमांड दिली की फाइलबरहुकूम सगळं तयार. फाइलमध्ये नाही ते सर्व्हरवर नाही! याचा मला भारी माज होता.

त्यावर शॉप फ्लोअरचं, म्हणजे खालच्या मशीनांचं, एक पान चालतं. प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनमध्ये, दुरुस्तीला उतरणारा माणूस स्विचला स्वतःचं कुलूप लावतो, की पानावर त्या मशीनपुढे त्याचं नाव लाल अक्षरांत येतं. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. तोवर मशीन बंद.

मागच्या आठवड्यात एका सकाळी अकराला पान सुरू केलं. चार नंबर प्रेसपुढे लाल अक्षरांत — ज्ञानोबा.

ज्ञानोबाकाका आमचे जुने फिटर. वर्षापूर्वी घरी झोपेतच गेले. फाइलमध्ये मी त्यांचं नाव घातलंच नव्हतं. सर्व्हर पुसून पुन्हा बांधला... नाव हजर. तिसऱ्यांदा बांधला, तरी तेच.

प्रॉडक्शनवाल्यांचे फोन सुरू झाले. मी तणतणत खाली गेलो. स्विचला कुलूप नव्हतंच.

"जुना कचरा आहे हो, चालू करा," मी ऑपरेटर बबनरावांना म्हणालो.

"न्हाई साहेब. नाव काकांचं हाय. मी बटण दाबायचो न्हाई."

"अहो, माणूस जाऊन वर्ष झालं!"

"व्हय, म्हणूनच."

चिडून मीच बटणाकडे हात नेला. त्यांनी मनगट धरलं. "आदी आत बघा."

वाकून पाहिलं. आत विलास, आमचा कंत्राटी फिटर, कानात बोळे घालून नट आवळत होता. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून कुलूप खिशातच ठेवलेलं. मी तिथेच खाली बसलो.

विलास बाहेर आला आणि लाल नाव आपोआप गेलं. लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, तपासले, मित्राकडून फाइल वाचून घेतली. त्या नावाचा मागमूस कशातच नव्हता.

तरी हे लिहिणार नव्हतो. पण आज जेवणाच्या सुट्टीत ते पुन्हा दिसलं. लाल अक्षरांत ज्ञानोबा, आणि पुढे मशीनच्या जागी — सर्व्हर रूम.

ती खोली पानावरच्या मशीनांच्या यादीत मी कधीच घातली नव्हती. बबनरावांना सांगितलं, ते दाराबाहेर स्टूल टाकून बसलेत. मी कॅन्टीनमध्ये बसून हे लिहितोय, खोलीची चावी खिशात आहे, आणि ते नाव जाईपर्यंत ती बाहेर काढणार नाही.