पेपरातलं लाकूड

१९७९ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. लकडगंजात माझा टाल होता, लाकडाची वखार. धाकट्या पोरीनं इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला, म्हणून गणिताला मास्तर ठेवले. त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'नं सुरू व्हायचं. चहासुद्धा तसाच मागायचे, "समजा, अर्धा कप मिळाला, तर?" पोरगी चुकली की रागवायचे नाहीत, नुसते छताकडे पाहायचे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गोल ओंडक्याचं घनफळ विचारलं. पोरगी टालावरच वाढलेली. तिनं सवयीनं आमच्या रीतीनं काढलं. घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं. मास्तरांनी छताकडे पाहिलं.

"तिकडं काय पाहता?" मी म्हटलं. "तीस वर्षं मी असंच मोजून राहिलो. पोरगीबी असंच लिहीन."

"बाबा, उद्या पेपर आहे! मी कोणाचं ऐकू?" पोरगी रडकुंडीला आली.

मास्तर वाद न घालता टालावर गेले. पांढऱ्या लेंग्यानिशी भुशात बसून त्यांनी माझ्याच टेपनं एक ओंडका माझ्या अन् पुस्तकातल्या, दोन्ही रीतींनी मोजला; माझ्या रीतीनं घनफळ कमी भरलं. मग 'समजा' न लावता म्हणाले, "भाऊ, तुमचं चूक नाही. साल अन् कापताना जाणारा भुसा तुम्ही आधीच वजा करून टाकता. पण पेपरातल्या लाकडाले साल नसते."

इतक्या मानानं मला आजवर कोणी खोटं पाडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेच्या फाटकाशी मी पोरीला म्हटलं, "मास्तरांच्या रीतीनंच लिहिजो वं." अन् तिथून सरळ टालावर जाऊन पहिला ओंडका चौथ्या हिश्श्यानंच मोजला.