दसऱ्याला पुजलेलं पुस्तक

माझ्या नवऱ्यानं आपल्या आईला घराबाहेर काढलं, तेव्हा मी चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. मी थापतच राहिले.

"पोरीकडं जाय," ते म्हणाले. "माह्या डोयापुढं राहू नको."

सासू भांडली नाही. एरवी दारातल्या काटक्यांवरून शेजारणीशी तासभर भांडणारी बाई. तिनं दोरीवरचं लुगडं घेतलं, तंबाखूची डबी कमरेला खोचली. उंबऱ्यावर थांबून माझ्याकडे पाहिलं.

"भाकर करपून राह्यली वं," एवढं बोलली आणि गेली.

भाकर खरंच करपली होती. ती मीच खाल्ली.

भांडण एका पुस्तकाचं होतं. माझा नवरा पलटणीत होता. लढाईच्या दिवसांत भरती झाला आणि बऱ्याच वर्षांनी नाव कटवून बाभुळगावजवळच्या आमच्या गावी परत आला. येताना त्याला सरकारनं एक पुस्तक दिलं होतं. त्यात नाव, बापाचं नाव, उंची, छातीवरचा तीळ, कुठं कुठं चाकरी केली, वागणूक कशी, सगळं लिहिलेलं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की हा पलटणीची परीक्षा पास झाला आणि यानं नव्या रंगरुटांना लिहायला-वाचायला शिकवलं. गावातून गेला तेव्हा माझ्यासारखीच चौथी झालेली होती. बाकीचं शिक्षण तिकडचं.

गावात लोक त्यांना सुभेदार म्हणत. ते सुभेदार नव्हते, नाईक होते. पण त्यांना ना सुभेदार व्हायचं होतं ना नाईक. त्यांना मास्तर व्हायचं होतं. म्हणत, "ज्या शाळेत मले दाराबाहेर बसवलं, तशाच शाळेत खुर्चीवर बसाचं हाय मले." मास्तरकीचं वय निघून गेलेलं. पलटणीतून आलेल्यांना वयाची सूट होती, पण पुस्तक दाखवल्यावर. म्हणजे वय आणि शिक्षण, दोन्ही गोष्टी त्या एका पुस्तकात होत्या.

आता दसऱ्याचं सांगते. दसऱ्याला आमच्या घरी विळा, कुऱ्हाड, खुरपं धुऊन देवापुढे मांडत आणि हळदकुंकू लावत. पोरगा परत आल्यापासून सासू त्यांच्याशेजारी ते पुस्तकही मांडायची. "लोहाराचा जसा हातोडा, तसं माह्या पोराचं हे हत्यार," म्हणायची. पुस्तक गुंडाळलेल्या मेणकापडावर हळदीचं बोट लावायची.

नागपूरला दीक्षा झाली तो दसरा. नवरा तिकडे गेलेला. सासू म्हणाली, दरसाल करते ते यंदा करीन, पुढचं पुढं. तिनं पूजा केली. संध्याकाळी मला म्हणाली, "सूनबाई, पुस्तक पेटीत ठेवजो." पेटीवर ज्वारीचं पोतं होतं. ते उतरवायचा मला कंटाळा आला. उद्या ठेवू म्हणून मी पुस्तक कोनाड्यात देवांच्या मागे सरकवलं. दुसऱ्या दिवशी विसरले.

नवरा पांढऱ्या कपड्यांत परत आला. बोलणं बदललं होतं, चाल पलटणीचीच. पुढे महिनाभरानं आमच्या वस्तीनं दीक्षा घ्यायचं ठरवलं. घराघरातले देव काढायचे आणि बेंबळा नदीत सोडायचे. "एका घरात एक देव राहिला नाही पाह्यजे," असं माझा नवरा दारोदार सांगत फिरला. मग त्याच्याच घरात राहून कसं चालेल?

सासू कोनाड्यापुढे बराच वेळ बसली. रडली नाही. मरीमायचा दगड होता, खंडोबाचा टाक होता, एक पितळी बाळकृष्ण होता. तिच्या डोळ्यांत फुलं पडलेली, तिला अंधुक दिसायचं. तिनं लाल फडकं अंथरलं, कोनाड्यातलं सगळं हातानं चाचपून त्यात ओढलं आणि गाठ मारली. मग मला म्हणाली, "थांब वं, एकदा खोलून पाहू. भलतंसलतं तं नाही आलं त्यात?"

मी म्हटलं, "कायले खोलता? पुन्हा देव पाहान अन् मन फिरन तुमचं."

गठोडं मी डोक्यावर घेतलं.

वाटेत त्याचा एक कोपरा डोक्याला रुतायला लागला. दगडाचा कोपरा असा सरळ नसतो. घाटाच्या थोडं अलीकडे मला सगळं आठवलं. ज्वारीचं पोतं, कोनाडा, देवांच्या मागे सरकवलेलं पुस्तक. आठवलं नव्हतं असं मी आजवर कोणालाही सांगू शकले असते. पण आठवलं होतं.

घाटावर वस्तीतल्या सगळ्या बाया जमलेल्या. आमच्या शेजारणीनं पाण्यात सोडायच्या आधी आपलं गठोडं उघडून एकदा आत पाहिलं, तर बाया तिच्यावर तुटून पडल्या.

"हिचा जीव अजून मरीमायतच हाय वं!"

"दे वं तिले परत. कोंबडं नाही कापलं तं झोप याची नाही तिले!"

सगळ्या हसल्या. शेजारीण रडकुंडीला आली. माझा नवरा काठावर उभा राहून, परेडवर असल्यासारखा, एकेकीला पुढे बोलवत होता. माझा नंबर आला. नागपूरला जाऊन आलेल्याची बायको मी. त्या बायांपुढे गठोडं खाली ठेवून गाठ सोडायला मला लाज वाटली. मनात म्हटलं, सरकारी पुस्तक आहे, सरकार दुसरं देईल. मांडीएवढ्या पाण्यात गेले आणि सोडून दिलं. आत दगड होता, लगेच बुडालं.

घरी जाऊन सांगू म्हटलं. सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तरांच्या जागा निघाल्या. नवरा यवतमाळला गेला. तिथल्या बाबूनं अर्ज पाहिला आणि म्हणाला, पंधरा दिवसांत पुस्तक आणा. घरी येऊन त्यांनी पोतं उतरवलं, पेटी उघडली. खाकी कपडे होते, बिल्ले होते, तामलोट होतं. त्यांनी पेटी पालथी केली.

"माय, पुस्तक कोठी हाय?"

"दसऱ्याले म्या काढलं होतं," सासू म्हणाली.

त्यांनी रिकाम्या कोनाड्याकडे पाहिलं. मग विचारलं, "अन् देवाचं गठोडं कोणं बांधलं होतं?"

"म्याच."

दोन्ही खरं होतं. तिसरी गोष्टही खरी होती, पुस्तक पेटीत ठेवायला तिनं कोणाला सांगितलं होतं ती. आणि चौथी, गठोडं खोलू म्हटल्यावर तिला कोणी खोलू दिलं नाही ती. त्या दोन तिनं सांगितल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. नवऱ्यानं तिला काय म्हटलं ते वर लिहिलंच आहे.

पंधरा दिवस निघून गेले. नवऱ्यानं पलटणीच्या कचेरीला अर्ज लिहिले. उत्तर यायचं, हा फारम भरा. भरून पाठवला की उत्तर यायचं, दोन साक्षीदार द्या. तोवर त्यांनी कापसाच्या जिनावर चौकीदारी धरली. अंगात तेच पलटणीचे खाकी कपडे. गाडीवाले विचारत, "काय सुभेदार, कापसाले सलाम ठोकून राह्यले काय?" ते हसत नसत. घरी आले की जेवून पुस्तकं घेऊन बसत. माझ्याशी चांगले वागत. माझी काही चूक नव्हती ना.

सासू पांढरकवड्याला नणंदेकडे होती. वर्ष झाल्यावर मी एकदा तिला भेटायला गेले. नवऱ्याला सांगितलं, माहेरी जाते. सासू ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. डोळे पार गेले होते. आवाजावरून ओळखलं.

"मास्तर झाला काय?"

"नाही अजून. कागद यावाचा हाय."

"मंग आता काही सांगू नको त्याले. डोकं फिरन, अभ्यास होणार नाही. मास्तर झाला का सांगजो. मंग येईन तो मले न्यायले."

मी विचारलं, "आत्याबाई, तुमी त्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"मले काढलं तं मी लेकीच्या घरी आली. तुले काढलं असतं तं तू कोठी जाणार होती? तुह्या बापाच्या घरी खाणारीच सात तोंडं." हातातली शेंग फोडून ती पुढे म्हणाली, "अन् तुही भाकर बी करपत होती."

ती हसली. मला हसू आलं नाही. मी तिच्यासोबत शेंगा सोलल्या आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत आले.

पुस्तकाची नक्कल आली तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. नवऱ्याला आधी झरी जामणीकडच्या एका कोलाम आदिवासींच्या पोडावर शाळा मिळाली. पोड म्हणजे त्यांची जंगलातली वस्ती. तेव्हा ते कच्चे मास्तर, ट्रेनिंग न झालेले. पक्के झाले की सांगू, असं मी मनात म्हटलं. मग सरकारनं एक वर्ष ट्रेनिंगला पाठवलं. डोक्याचे केस पांढरे व्हायला लागलेला माणूस विशीच्या पोरांबरोबर बाकावर बसला आणि पास झाला.

त्याच वर्षी सासू तापानं गेली. नवऱ्याला तार उशिरा मिळाली. तो पोचला तेव्हा माती देऊन झाली होती.

सर्टिफिकेट मिळालं. ते त्यांनी पेटीत ठेवलं नाही. काच लावून भिंतीवर ठोकलं. म्हणाले, "हे आता कोणी बुडवणार नाही." मास्तर झाल्यावर सांग, असं सासू म्हणाली होती. ते आता पक्के मास्तर झाले होते. मी सांगितलं नाही. न्यायला माणूसच उरलं नाही, आता सांगून काय, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं होतं. मला भीती वाटत होती.

ट्रेनिंगनंतर ते परत पोडावरच आले आणि मीही सोबत गेले. शाळेची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. बोललेलं सगळं ऐकू यायचं. दरसाल नवी पोरं आली की मास्तर त्यांना एक गोष्ट सांगत. "माही माय अडाणी होती. तिनं दसऱ्याले माह्यं पुस्तक देवापुढं पुजलं अन् मंग देवासंगं पाण्यात बुडवलं. मी दोन वर्षं मांगं पडलो. पुस्तकाले हळद लावाची नसते, ते वाचाचं असते." हळद म्हटलं की पोरं हसत. पोरांना पुस्तक जपायला शिकवायचं म्हणून ते सांगत, आईवर राग म्हणून नाही. राग केव्हाच गेला होता. पण दरसाल नवी पोरं माझ्या सासूला हसत, आणि मी कुडाच्या अलीकडे बसून ऐकत असे.

एका वर्षी एका कोलामाच्या पोरीनं विचारलं, "मास्तर, दसऱ्यानंतर पुस्तक देवात कोणं ठेवलं?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही.

"तिनंच ठेवलं असन," मास्तर म्हणाले. "आणखी कोण ठेवन?"

मी उठले. शाळेच्या दारात जाऊन उभी राहिले. सगळी पोरं माझ्याकडे पाहायला लागली. मास्तरांनी खडू खाली ठेवला.

"काय वं?"

माझं तोंड उघडलं होतं.

"भाकर झाली," मी म्हटलं.

"येतो," ते म्हणाले आणि पुन्हा फळ्याकडे वळले.

मास्तर त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. सगळे त्यांना चांगला मास्तर म्हणत आणि ते चांगले मास्तर होते. ही गोष्ट ते शेवटपर्यंत तशीच सांगत राहिले. सासू लेकीच्या घरी मेली. मास्तर आपल्या घरी मेले. गठोडं पाण्यात सोडलं ती मी अजून जिवंत आहे.