मामांची छत्री आणि समुद्राची हद्द

पृथ्वी देवानं निर्माण केली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिच्या मोजणीचं काम त्यानं आमच्या हिच्या मामांवर सोपवलं आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. ‘ही’ म्हणजे माझी बायको, आणि तिचे मामा म्हणजे तंजावरला सर्वे खात्यातून निवृत्त झालेले, पण ही बातमी स्वतःच्या छत्रीला अजून न कळवलेले गृहस्थ. छत्री पावसासाठी असते हे मामांना मुळातच मान्य नाही. छत्री मोजायला असते. लग्नाच्या पंगतीत दोन केळीच्या पानांमध्ये अंतर किती असावं, उन्हाळ्यात गच्चीवर कोणाची चटई कुठे संपते आणि कोणाची सुरू होते, हे सगळं छत्री ठरवते. पापनाशमच्या बसमध्ये शेजाऱ्याचं कोपर जरा इकडे आलं की मामा अत्यंत सौम्यपणे म्हणतात, “स्वामी, अतिक्रमण होतंय.” आणि एकदा मोजलं की मोजलं. पुन्हा मोजणं म्हणजे मामांच्या लेखी पहिल्या मोजणीचा अपमान. तिरुवैयारूकडच्या दोन भावांच्या शेतात त्यांनी हद्दीचा दगड रोवला, तर थोरल्याची विहीर धाकट्याच्या हद्दीत गेली. थोरला बोंबलत आला. मामांनी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, “मोजणी बरोबर आहे. विहीर चुकलीय.” नवल म्हणजे तो माणूस मान डोलवत घरी गेला.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेले मराठी लोक; आमच्याकडे घरात मराठी बोलतात, भांडतात तमिळमध्ये आणि चूक कबूल करायची वेळ आली तर इंग्रजीत करतात. परकी भाषा असली की जरा कमी लागतं. मामांवर ती वेळच कधी आली नाही, त्यामुळे त्यांचं इंग्रजी कच्चं राहिलं.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीनं, रुक्मीनं, लग्न करावं ते पाँडिचेरीच्या एका कोळ्याच्या मुलाशी! आणि दोघांनी हॉटेल काढावं तेही माशांचं, थेट समुद्रासमोरच्या रस्त्यावर. खाली हॉटेल, वर घर. मामांच्या घरात कांदासुद्धा वार बघून आत येतो, तेव्हा आम्हाला वाटलं, आता हे आकाशपाताळ एक करणार. तसं काही झालं नाही. त्यांनी लग्न यथासांग लावून दिलं. फक्त आमच्यातला एक जुना नियम तेवढा घट्ट धरला: लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. महाराष्ट्रात हा नियम आता कोणी फारसा पाळत नाही म्हणे, पण आम्ही तंजावरकर इतक्या लांब आलो ते काही उगीच नाही.

मूल काही झालं नाही. दरवर्षी पोंगल झाला की मामा पाँडिचेरीला जायचे. एका हातात छत्री, दुसऱ्यात कावेरीचं पाणी भरलेली झाकणाची पितळी कूजा, पिशवीत दहीभाताचा डबा. रुक्मीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून ख्यालीखुशाली विचारायची, बसस्टँडवर जाऊन डबा खायचा आणि परत यायचं. मामी मात्र, “नियम बापाला आहे, आईला कुठाय?” असं म्हणून आत जाऊन पोटभर जेवून यायच्या. मामींचा कायद्याचा अभ्यास मामांपेक्षा चांगला आहे.

या वर्षी रुक्मीचा फोन आला. मी तिथेच बसलो होतो. “अप्पा,” ती म्हणाली, “मूल होणार नाहीं म्हणून डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. मग आतां तुम्ही माझ्याकडे कधींच जेवणार नाहीं कां?” मामांनी फोन खाली ठेवला. दोन दिवस त्यांनी घरात काहीही मोजलं नाही, तेव्हा मामी घाबरल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. “जावईबापू, गाडी काढा. समुद्राची हद्द बघून यायचीय.”

पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. समुद्राकडचा रस्ता संध्याकाळी गाड्यांना बंद असतो, त्यामुळे सगळं गाव पायी लोटलेलं. दिवे, फुगे, तळलेल्या माशांचा घमघमाट आणि रुक्मीच्या शेजारच्या हॉटेलच्या गच्चीवर छाती हादरवणारं संगीत. “लग्न कोणाचं?” मामांनी विचारलं. मी म्हटलं, मामा, लग्न नाही, लोक रोजच नाचतात इथे. “रोज मुहूर्त असतो?” म्हणून ते जिना चढून गेलेसुद्धा. मी धावलो तोवर त्यांनी खिशातल्या अक्षता नाचणाऱ्या एका गोऱ्या जोडप्यावर टाकल्या होत्या. ती पोरगी हात जोडून खुदकन हसली. मामा आशीर्वाद द्यायला लागले, “अष्टपुत्रा...” आणि थांबले. कठड्यापलीकडे खाली, स्वतःच्या हॉटेलच्या दारात रुक्मी उभी होती, आणि ती वर बघत होती. पुढचा शब्द मामांनी गिळला आणि मुकाट्यानं खाली आले.

“तुझ्या घरांत नाहीं जेवणार,” ते तिला म्हणाले, “पण समुद्र काय कोणाच्या घरांत येत नाहीं. तिथे जेवीन.” आणि छत्री टेकवून तिच्या उंबऱ्यापासून मोजायला लागले. बापरे, काय गोंधळ उडाला! आईस्क्रीमवाल्याला वाटलं अतिक्रमणवाले आले, त्यानं गाडी पळवली. पोलिसाला वाटलं कोणी मोठे अधिकारी असावेत, त्यानं शिट्टी वाजवून मामांसाठी वाट मोकळी केली. रस्ता ओलांडून मामा काळ्या दगडांजवळच्या बांधावर पोहोचले, छत्री आपटली आणि जाहीर केलं, “इथून समुद्र. वाढ!”

रुक्मीनं बापासाठी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत स्वयंपाक करून ठेवला होता. दरवर्षीच ठेवायची, हे मला तेव्हा कळलं. तिनं बांधावर पान मांडलं, ते वाऱ्यानं उडालं. दुसरं आणलं, त्यावर मामांनी आणलेली कूजा ठेवली. भात आणायला गेली, आली. सांबार आणायला गेली, आली. तोवर भात निवला. अप्पळम, म्हणजे पापड, तर सरळ बंगालच्या उपसागराकडे निघून गेला. डांगर पच्चडी, म्हणजे आमची उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, आणली, तेव्हा मामांना दिसलं की हॉटेलात एक गिऱ्हाईक तीच पच्चडी कोळंबीला लावून खातंय. “आपली डांगर पच्चडी? कोळंबीला?” मामा हादरले. मग हळूच म्हणाले, “हिंग पुरतो कां त्यांना?”

रुक्मी हसली नाही. तिला धाप लागली होती. पदर खोचून, दोन्ही हात पसरून ती वाऱ्याच्या बाजूला उभी होती, पान उडू नये म्हणून. “जेवा अप्पा,” एवढंच म्हणाली, “निवतंय सगळं.”

मामांनी तिच्याकडे पाहिलं. पानाकडे पाहिलं. मग ते उठले, छत्री उचलली आणि जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. पुन्हा मोजायला लागले. बांधापासून रस्ता, रस्त्यापासून पायऱ्या. उंबऱ्याशी छत्री थांबेल म्हणून मी श्वास रोखून बघत होतो, पण ती थांबली नाही. टेबलांमधून, तळणाच्या कढईशेजारून मोजत मोजत मामा थेट स्वयंपाकघरात गेले, जमिनीवर मांडी घातली आणि खाली बघत लेकीला म्हणाले, “मेजरमेंट मिस्टेक, अम्मा. वाढ.”

रुक्मी रडत रडत वाढत होती आणि मामा मान वर न करता जेवत होते. सांबार तीनदा मागितलं. पाणी तिच्या घरचंच प्याले. कूजा बांधावरच राहिली होती. रुक्मीचा नवरा दारात हात धुऊन उभा होता, आत यावं की नको त्याला कळेना. “या, बसा,” मामा म्हणाले, “जागा आहे.”

परत येताना छत्री तिथेच राहिली. ती आणायला म्हणून मामा आता दर महिन्याला पाँडिचेरीला जातात, जेवतात आणि छत्री विसरून येतात. मामी म्हणतात, वयामुळे विसरायला लागलेत, आणि मीही हो म्हणतो. परवा एका लग्नाच्या पंगतीत माझं कोपर चांगलं त्यांच्या पानावर गेलं, तरी मामा काही बोलले नाहीत, उलट थोडे सरकून बसले. मला मात्र जेवण गोड लागेना. कोणीतरी “स्वामी, अतिक्रमण होतंय” म्हणायला हवं होतं.