गाळलेलं पान

मी वाचत होतो आणि बाकांखाली बूट घासले जात होते. चाळीस जणांचे.

मला वाटलं, पोरं रंगात आली. आमच्याकडे होळीला कुणी नाचात उतरला की भोवतीची माणसं पायांनी ठेका धरतात. मी आवाज चढवला. मूर्खासारखा हसलोसुद्धा.

जर्मनीतला कायद्याचा वर्ग. मी खांडबाऱ्याकडचा आदिवासी, पाद्रीबाबांच्या ओळखीने तिथवर पोचलेला. जर्मन दीड वर्षात शिकलेलं, तेही अडखळत. शेजारी नंदुरबारच्या लाकूड ठेकेदाराचा मुलगा. मुंबईत मास्तर लावून जर्मन घोटून आलेला. तो कानाशी कुजबुजला, "अरे, ही शाबासकी नै शे. खाले बठ म्हनी ऱ्हायनात तुले."

माझे कान तापले. प्राध्यापकांनी माझे कागद घेऊन त्याच्या हातात दिले. "हे गृहस्थ वाचतील. निदान कळेल तरी."

मी बसलो. दुसरं काय करणार? या वर्गाचा दाखला नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर आल्या वाटेने घरी.

निबंध जंगलच्या कायद्यावर होता. घरासाठी सागाची एक तुळई तोडली म्हणून माझ्या बापाला सहा महिने तुरुंग झाला. त्याच रस्त्याने याच्या ठेकेदार बापाच्या गाड्या सागाने भरून जात. त्यांच्याकडे परवाना होता ना! एवढं मी एका पानावर लिहिलं होतं. बाकी सगळी कलमं.

तो सफाईने वाचत गेला. त्या पानाशी आला, नजर फिरवली, आणि पान उलटून पुढे गेला. कुणाला कळलं नाही. मला कळलं. संपल्यावर सगळ्यांनी बाकांवर मुठी वाजवल्या. ही मात्र खरी शाबासकी. माझ्या बापाला वगळून.

मी उठलो. "एक पान राहिलं."

"वेळ संपली," प्राध्यापक म्हणाले. "दाखला हवा आहे ना? मग बसा."

मी कागद ओढून घेतले. तो पुटपुटला, "येडा व्हयना का?"

वाचू लागलो. चुका झाल्या, जीभ अडकली, रडू आलं. प्राध्यापक निघून गेले, मागोमाग वर्ग. रिकाम्या बाकांसमोर पान पुरं केलं. त्याने काय झालं? काही नाही. बाप तर तुरुंगातच खोकून मेला होता.

दाखला मिळाला नाही. पदवीही नाही. नसू दे. माझ्या बापाची फिर्याद यापुढे मीच सांगणार. मोडक्या भाषेत सांगणार. आणि सुरुवात त्याच पानाने करणार.