कळ आधी, रक्त नंतर

आमची आत्या बोलायची ती चालता चालता. समोरचा माणूसही मग तिच्यामागे चालू लागे. विंझर गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वस्ती. शेरडं, म्हशी आणि ती. "टेक की जरा," म्हटलं की म्हणायची, "टेकल्यावर उटायचं कष्ट कोन घेनार?"

गेल्या उन्हाळ्यात तिला जुलाब लागले. पाण्याचा घोट न घेता ती तशीच उन्हातून शेरडांमागे हिंडली. एका सकाळी भोरला माझ्या दारात उभी, डावी कूस दाबून. "उष्णता झालीया. सब्जा दे जरा." चहा होईपर्यंत ती सारखी आत-बाहेर. शेवटी मला तिच्या लुगड्यावर रक्त दिसलं.

"कधीपासून गं?"

"कालपास्नं. बोंबलू नगंस. मूळव्याद आसंल."

ओढतच दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली ती बराच वेळ सोडली नाही. ठोके अडखळत होते. मग विचारलं, "मावशी, आधी कळ आली की आधी रक्त?"

आत्यानं लाजून पदर तोंडाला लावला. बाईंनी पुन्हा विचारलं.

"कळ. येकदम. मग रगत."

"मूळव्याधीत पोटात अशी कळ येत नाही," बाई मला म्हणाल्या. "जुलाबांनी अंगातलं पाणी गेलंय, हृदयही नीट चालत नाहीये. मोठ्या आतड्याला रक्त कमी पोचतंय, असा संशय आहे. तो भाग मेला असेल तर ऑपरेशन. आत्ताच पुण्याला न्या."

पुण्यात सीटी स्कॅनमध्ये आतड्याची डावी बाजू सुजलेली दिसली. दुर्बीण घालून पाहिल्यावर खात्री झाली: आतडं दुखावलं होतं, मेलं नव्हतं. तोंडानं काही द्यायचं नाही, सलाईन लावून पडून राहायचं. ते पडणं तिला कळेहून जड. सलाईनचा स्टँड ढकलत वॉर्डभर फिरायची, नर्सबाईंची बोलणी खायची. माझं लक्ष तिच्या पोटावर. फुगतंय का, कडक होतंय का. शेवटी तिनंच माझा हात ओढून पोटावर ठेवला. "बग, मऊ हाय. आता तू तरी घास खा."

ती बरी झाली. हृदयाच्या गोळ्या मात्र कायमच्या. भोरलाच राहा म्हणून मी हट्ट धरला, तर एका सकाळी पिशवी घेऊन निघालीच. मी चिडले, "पुन्हा झालं तर?"

"तर सांगंन. लाजनार न्हाई."

शब्द पाळला. रोज सकाळी मोबाईल वाजायचा. "पोट झ्याक. रगत न्हाई. ठिवते." माझं बोलणं ऐकायला थांबायची नाही.

माघात हृदयानंच तिला नेलं. अजूनही सकाळचा चहा मी एका हातानं गाळते. दुसऱ्या हातात मोबाईल असतो.