टेप मास्तरांची, खोली आक्कांची

काही माणसांना चूक दाखवली की ती चुकीकडे बघत नाहीत, दाखवणाऱ्याच्या बोटाकडे बघतात. शिंपीमास्तर त्यातले. उभा जन्म कपडे शिवण्यात गेला. गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या. आपल्या हातचा कपडा उसवायला कधी कोणी परत आणला नाही, ही त्यांची एकच फुशारकी, पण ती दिवसातून दहादा. कापड वाया घालवणाऱ्या शिंप्याचा त्यांना इतका राग, की कोणी बेताचं कापड आणलं की त्यांना उलट चेव यायचा. त्यातूनही ते शर्ट काढायचे, वर खिसा काढायचे आणि उरलेली चिंधी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून म्हणायचे, "घ्या, रुमाल करा."

ह्या माणसाबरोबर संसार करणाऱ्या बाईला सगळी गल्ली वहिनी म्हणे. वहिनींचा स्वभाव मुळात शांत होता असं त्यांच्या माहेरचे सांगतात. सासरच्यांपैकी तो कोणी पाहिलेला नाही.

मास्तरांची थोरली बहीण आक्का त्यांच्याकडेच राहायच्या. जुन्या गुळगुळीत फरशीवर, बाथरूमच्या दारातच त्यांचा पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, काठी धरून चालायलाही लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, पण आधी ती फरशी बदला. आक्कांनी त्यावर आपली अट घातली.

"मला बाथरूमला कोणी धरून नेलेलं चालणार नाही," दवाखान्याच्या खाटेवरून त्या म्हणाल्या. "इथे रोज एक मुलगी हाताला धरून नेते आणि दार उघडं टाकून बाहेर उभी राहते. मेल्याहून मेल्यासारखं होतं मला. घरी एकटीला जाता येणार असेल तर येते. नाहीतर मला एखाद्या आश्रमात ठेवा, तिथे निदान सगळे परके असतील."

हे ऐकून मास्तर बाहेर जिन्यात जाऊन रडले. आईच्या मागे त्यांना वाढवलं होतं ते आक्कांनीच. डोळे पुसले आणि तिथेच ठरवलं: आक्कांची खोली आणि बाथरूम, दोन्हींना खरखरीत टाइल. इथपर्यंत वहिनींना नवऱ्याचं कौतुकच वाटलं. पण कौतुक वाटायला लागलं की हा माणूस काहीतरी करून ठेवतो, एवढा अनुभव त्यांना होता.

"माप मिस्त्रीला घेऊ दे," वहिनी म्हणाल्या.

"मापाला मिस्त्री? ह्या घरात?" मास्तरांनी गळ्यातली टेप अशी ओढून काढली की जणू तलवारच उपसली. खोली मोजली, बाथरूम मोजली, खडूने भिंतीवर आकडे मांडले आणि टाइलच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

दुकानदाराने विचारलं, "शंभराला दहा जास्त टाकू ना? तूटफूट होते, कोपरे कापावे लागतात."

"ते कापता न येणाऱ्यांसाठी," मास्तर म्हणाले. "मी सांगतो तेवढ्याच द्या. वर दोन टाका, तुमच्या समाधानासाठी."

वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, घ्या ना थोड्या जास्त. उरल्या तर परत करू." मास्तर त्यांच्या बोटाकडेसुद्धा बघायला तयार नव्हते.

आक्का घरी यायच्या, त्याच्या आदल्या दुपारी मिस्त्रीने थापी खाली ठेवली आणि हाक मारली. "वहिनी, टाइल संपल्या."

वहिनी धावत आल्या. बाथरूम झाली होती. खिडकीपासून निघालेली खोलीही सुरेख झाली होती. आणि नेमकी बाथरूमच्या दारापुढे, भिंतीपासून भिंतीपर्यंत, दोन ओळींची जागा उघडी होती. ज्या जागी आक्का पडल्या होत्या तीच जागा, खणलेली, खडबडीत आणि बोटभर खोल. घोडं अडावं तर कुठे अडावं!

मास्तर आले. त्यांनी खोलीकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे. "फोडल्यास किती?"

"तीन. आणि कमोडच्या भोवती कापताना गेल्या त्या वेगळ्या."

"कापता येत नाही तुला."

"मास्तर, तीन काय, दहा वाचवल्या असत्या तरी दोन ओळी भरल्या नसत्या."

"मग भिंत वाकडी असेल."

नाचता येईना अंगण वाकडं, असं वहिनी मोठ्याने म्हणाल्या. मनातल्या मनात म्हणायची वेळ निघून गेली होती. पदर खोचला आणि नवऱ्याला घेऊन दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, ही टाइल पंधरा दिवसांनी येईल. चकचकीत हवी तेवढी आत्ता घेऊन जा, खरखरीत मागतं कोण? दुसऱ्या दुकानात खरखरीत होती, पण ती बोटभर जाड. म्हणजे ऐन दाराशी उंबरा तयार. पाय घसरायचा नाही, ठेच लागेल, एवढाच फरक. दवाखान्यात फोन केला तर ते म्हणाले, खाट दुसऱ्याला दिली आहे, पेशंटला उद्या सकाळी न्यावंच लागेल. मिस्त्रीचंही उद्यापासून दुसरीकडे काम होतं.

घरी येईपर्यंत मास्तर एकच सांगत होते की माप बरोबर आहे. रस्त्यात एकदा सांगितलं, जिन्यात दोनदा. वहिनींची कानशिलं तापली. त्यांनी मिस्त्रीकडून त्याची लोखंडी टेप मागून घेतली, मास्तरांच्या गळ्यातली कापडी टेप खेचली आणि दोन्ही शेजारी-शेजारी जमिनीवर पसरल्या. लोखंडी टेप पाच फूट दोन इंच सांगत होती तिथे मास्तरांची टेप म्हणत होती, पाच फूट.

गळ्यात अडकवून, ओढून, घामाने भिजून ती टेप वर्षानुवर्षं सैल होत गेली होती, आणि सैल झालेल्या टेपने मोजलेली खोली लहान भरली होती.

"शक्य नाही," मास्तर म्हणाले. "मग माझे कपडे बसतात कसे लोकांना?"

"माणूसही हिनेच मोजता आणि कापडही हिनेच कापता!" वहिनी कडाडल्या. "दोन्हीकडे सारखंच खोटं, म्हणून बसतात! टाइलवाला काय तुमच्या टेपने टाइल करतो?"

मिस्त्रीला हसू आवरेना, म्हणून तो हात धुवायला गेला. वहिनींनी ती टेप गोळा करून केराच्या डब्यात टाकली. मास्तरांनी ती लगेच उचलली आणि झटकली.

"अहो, अजून ठेवताय ती?"

"सगळ्या गिऱ्हाइकांची मापं हिचीच आहेत. नव्या टेपने कापलं तर गावातल्या कोणाच्या शर्टाचं बटण लागणार नाही."

पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच. आणि चीड येण्यासारखी गोष्ट ही, की ह्या वेळी त्यांचं म्हणणं खरं होतं.

मास्तर बाहेर काढून ठेवलेल्या आक्कांच्या पलंगावर बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. "आक्काला आश्रमात जावं लागणार माझ्यामुळे," ते म्हणाले. वहिनींना ते बघवेना आणि राग तर जाईना. दोन्ही एकदम आलं की त्यांचं डोकं चांगलं चालायचं.

"माझ्या निळ्या पोलक्याला कापड कमी पडलं तेव्हा काय केलंत?"

"जोड दिला."

"कुठे?"

"काखेत. काखेत दिसत नाही."

"मग तुम्ही बसलाय तो पलंग कुठे ठेवायचाय? खिडकीशीच ना? त्याच्या खाली कोण बघायला जाणार आहे?"

मास्तर उठून उभे राहिले. "जोड? माझ्या घरात?"

"तुमच्याच घरात!" वहिनी म्हणाल्या. "मिस्त्री, उचला!"

खिडकीकडच्या ओळी सकाळीच बसवलेल्या, खालचा सिमेंटचा माल अजून ओला होता. पलंगाच्या पायांखालच्या टाइल सोडून मधल्या सगळ्या आणि कपाट उभं राहणार होतं तिथल्या, अशा एकेक करून मिस्त्रीने उचलल्या. प्रत्येक टाइल निघताना मास्तर श्वास धरत आणि "हळू, अरे हळू" म्हणत. एक कोपऱ्याला टवकली तेव्हा वहिनींनी त्यांना स्वयंपाकघरात पाठवून दिलं. तिन्हीसांजेला दारापुढच्या दोन्ही ओळी भरल्या होत्या आणि पलंगाखाली सिमेंटचा खड्डा होता.

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. खोलीच्या दारापर्यंत काठी टेकत आल्या आणि थांबल्या. समोर बाथरूमचं दार दिसत होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"घसरेल," त्या म्हणाल्या.

"नाही घसरत, आक्का, खरखरीत आहे," मास्तर म्हणाले. आक्का हलेनात. वहिनी हात पुढे करून म्हणाल्या, "मी धरते." आक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं की हात आपोआप मागे आला.

मग मास्तरांनी जे केलं ते कोणी शहाणा करणार नाही. बाथरूममधून भरलेली बादली आणली आणि नव्या जमिनीवर ओतली, थेट दारापुढे. पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि अनवाणी त्या पाण्यात चालायला लागले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग उड्या मारायला लागले.

"अहो, खुबा मोडून घ्याल! एक बरा झाला तर दुसरा!" वहिनी ओरडल्या.

"बघ, आक्का! बघ!" मास्तर उड्या मारत होते आणि पाणी चहूकडे उडत होतं.

"पुरे रे," आक्का म्हणाल्या. "लहानपणी डबक्यात असाच नाचायचास. बाजूला हो."

त्या निघाल्या. काठी, एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. मास्तर एका बाजूला आणि वहिनी दुसऱ्या बाजूला, दोघांचेही हात हवेत, पण कोणी शिवलं नाही. दारापुढच्या ओळींवर त्या क्षणभर थांबल्या, तळवा घासून बघितला आणि आत गेल्या. दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"आक्का, कडी नका लावू! डॉक्टरांनी बजावलंय!" वहिनींनी दारावर थाप मारली. "ऐकताय का? कडी काढा!"

"नाही काढत," आतून आवाज आला. खणखणीत, आणि हसरा.

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. ते ओल्या पायांनी उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बहीण-भाऊ दोघं एकाच मातीची, आपलंच खरं करणारी, असं काहीतरी चांगलं झणझणीत बोलायला वहिनींनी तोंड उघडलं, पण ते राहिलं; पदराने त्यांनी आधी नवऱ्याचे डोळे पुसले आणि मग स्वतःचे.