हलगी शेकताना

मंडळी, आज जळकोटला माझा कार्यक्रम होता. मी हलगी वाजवून तिचे ठोके लॅपटॉपवर परत परत फिरवतो अन् त्यावर कविता म्हणतो, हे तुम्हाला माहीतच हाय.

कातडं ताणून यावं म्हणून स्टेजमागं जाळ करून हलगी शेकत बसलो होतो. एक अनोळखी माणूस शेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, “सर, वाळूउपशावरची नवी कविता आज नका म्हणू. माय घरी एकटीच असती ना?”

हलगी तशीच जाळावर धरून मी त्याच्याकडं वळलो. तेवढ्यात हलगीचं कातडं तडकलं.

तो हसला. “लई तापवली की असंच होतंय, सर.”

तीच कविता मी हलगीशिवाय म्हणली. घरी आलोय, माय ठीक हाय.

पण आजच्या आधी ती कविता मी कुठंच म्हणली नव्हती. फक्त काल आपल्या या ग्रुपवर टाकली होती.

तुमच्यापैकी कुणी दाखवली त्याला?